नाडी, रात्री तीन वाजता

हिल्लार कोप्पेल, वय चौपन्न, पियानो सुरात लावणारा.
एकोणीस दिवस खिडकीपाशी बसून आहे.
मी त्याचा उजवा हात उचलते, सोडते.
हात तिथेच राहतो,
कोट काढून नेल्यावर
खुंटी राहते तसा.

बाहेर एमायोगी नदी गोठलेली.
भेटायला येणारे तिच्याकडे बोट दाखवतात:
बघा, तशीच गत.
मी तार्तूचीच आहे, मला विचारा.
बर्फाला कान लावला की कळतं
खाली पाणी किती घाईत असतं.

रात्री तीनला त्याचं मनगट धरते.
एकशे बत्तीस.
जिना धावत चढून आलेल्या माणसाची नाडी
न हललेल्या माणसाच्या हातात.
वहीत आकडा लिहिताना दर वेळी वाटतं,
चुकून दुसऱ्याच कुणाचा लिहिला.

वाचा बसलेली, पाय खिळलेले, डोळे थिजलेले,
आणि छातीत एवढी पळापळ.
डॉ. व्हाइके ताल्विस्ते म्हणतात,
लांडगा वास घेत फिरताना ससा बसतो ना,
तसं हे बसणं असेल.
लांडगा कधीच निघून गेला,
सशाला कुणी सांगितलेलं नाही.
असेल, म्हणतात त्या. आहे, असं म्हणत नाहीत.

नेहमीची औषधं देऊन झाली.
विजेच्या उपचाराला मुलगी हो म्हणत नाही,
नाहीही म्हणत नाही.
मधल्या काळात हा अभ्यास, तिच्या सहीने:
बीटा-ब्लॉकर. जुनी गोळी, स्वस्त.
रक्तदाबाची, कापणाऱ्या हातांची,
व्यासपीठावर जायच्या आधी
व्हायोलिनवाले गुपचूप गिळतात ती.
धावत्याला आवरणारं औषध
थांबलेल्याला द्यायचं.
समितीच्या बैठकीत कुणीतरी हसलं होतं म्हणे.

बारा पेशंट हवे होते, मिळाले सात.
गोळ्या सगळ्या पांढऱ्या, एकसारख्या;
काहींत औषध, काहींत नुसता स्टार्च.
कुणाला काय, हे मला ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही.
यादी फार्मसीच्या कपाटात,
कपाटाची किल्ली उर्वेकडे,
उर्वे बहिणीच्या बाळंतपणाला सारेमा बेटावर.

गोळी कुटून मुरंब्यात कालवायची.
ओठांना चमचा लावून थांबायचं.
कधी वीस मिनिटं.
मुरंबा हनुवटीवर येतो, पुसायचा,
पुन्हा चमचा.
शोधनिबंधात या वाक्याला जागा नसते.

दिवस अकरावा. अठ्ठ्याऐंशी.
दोनदा मोजलं. घड्याळ बदलून तिसऱ्यांदा.
हात उचलला. सोडला.
हात खाली आला,
हळू, जरा ओशाळल्यासारखा,
आणि मांडीवर बसला.
तक्त्यात तीनच्या जागी एक लिहिला
आणि बाथरूममध्ये जाऊन
नळ मोठा सोडला.

चार दिवसांनी बोलला, घशात गंज चढलेला:
“मी हललो असतो तर छत पडलं असतं.
तुम्ही सगळ्या खाली होतात.”

शेजारच्या खोलीत लेइडा. तिची नाडी सत्तरवर आली,
ती मात्र अजून भिंतीकडेच तोंड करून.
तिचं काय लिहायचं?
सात माणसांवरून काय सिद्ध होतं?
काहीच नाही, म्हणतात डॉ. ताल्विस्ते,
आणि पुढच्या अनुदानाचा अर्ज उघडतात.

“मला कोणती दिली होती?” हिल्लार विचारतो.
माहीत नाही, म्हणते. खरंच.
“पिठाची असेल तर?”
असेल.
तो थोडा वेळ गप्प. मी घाबरते,
पण हे नुसतंच गप्प राहणं आहे, माणसासारखं.
मग माझं मनगट धरतो,
डोळे मिटतो, तार ऐकतात तशी मान कलती करतो.
“एकशे चार,” म्हणतो.
“तुम्ही कुठलं छत धरून आहात?”

मी वर बघितलं.